मुल्ला फझलवर खटला कुणी चालवलाच नाही

आधीच सांगून टाकते, मुल्ला मोहम्मद फझल या माणसाबद्दल मला काडीचीही सहानुभूती नाही. आपल्याकडे तालिबान म्हटलं की डिसेंबर १९९९ मधला तो कंदाहारचा विमानतळ आठवतो, अपहरण झालेलं आपलं विमान तिथे उभं आणि भोवती हत्यारबंद लोक. त्या राजवटीच्या फौजेतला हा अगदी वरचा माणूस, लष्करप्रमुख म्हणा, उपसंरक्षणमंत्री म्हणा, दोन्ही बिरुदं त्याच्या नावापुढे लागायची. नोव्हेंबर २००१ मध्ये उत्तर अफगाणिस्तानात कुंदुझला तालिबानची कोंडी झाली तेव्हा त्याने तालिबानविरोधी फौजांच्या जनरल दोस्तमपुढे शरणागती पत्करली, दोस्तमकडून तो अमेरिकन लष्कराच्या ताब्यात गेला आणि ११ जानेवारी २००२ ला ग्वांतानामोला, क्युबातल्या अमेरिकन लष्करी तळावरच्या तुरुंगात, जे पहिलं विमान उतरलं, वीस कैद्यांचं, त्यात तो होता. कैदी क्रमांक ७. मग बारा वर्षं आणि वर चार महिने तिथे. ३१ मे २०१४ ला सुटका, कतारमध्ये मुक्काम, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये काबूलमध्ये पुन्हा उपसंरक्षणमंत्री.

म्हणजे वीस वर्षांनी माणूस फिरून त्याच खुर्चीवर. या सगळ्या काळात त्याच्यावर एक आरोपपत्र नाही, एक साक्षीदार नाही, उलटतपासणी नाही, निकाल नाही. जगातल्या सगळ्यात ताकदवान लष्कराच्या ताब्यात तो बारा वर्षं होता आणि त्याने नेमकं काय केलं याचा निवाडा कुणी केलाच नाही, आणि मला संताप येतो तो याचा.

लष्करी कोठडीवर बोलायला लागलं की चर्चा लगेच दोन कळपांत विभागली जाते. एक बाजू म्हणते कैद्याचे हक्क, दुसरी म्हणते दहशतवाद्याला कसले आलेत हक्क. या भांडणात ज्यांची माणसं मेली ते कुठेच नसतात. मला त्यांच्या बाजूने बोलायचंय.

८ ऑगस्ट १९९८ ला तालिबानने मझार-ए-शरीफ घेतलं. पुढचे काही दिवस घरोघरी झडत्या चालल्या, हजारा समाजाचे पुरुष आणि मोठी मुलं शोधून काढली गेली, काहींना दारातच गोळ्या घातल्या, काहींना ट्रकांत आणि बंद कंटेनरमध्ये कोंबून नेलं. हजारा हे शिया, चेहरेपट्टीवरून लगेच ओळखू येणारे, त्यामुळे लपायलाही जागा नाही. इराणच्या वकिलातीतले अधिकारी आणि एक पत्रकारही मारले गेले, इराण तेव्हा सीमेवर फौज आणून उभा राहिला होता. मग जानेवारी २००१ मध्ये बामियान प्रांतात याकावलांगला असंच झालं, तिथे चार दिवसांत दीडशेच्या वर पुरुष ओळीत उभे करून मारल्याची नोंद मानवाधिकारवाल्यांनी नावानिशी केलेली आहे. फझलच्या ग्वांतानामोतल्या फाइलमध्ये, म्हणजे अमेरिकन लष्कराच्याच कागदात, हजारो शियांच्या हत्येसह संभाव्य युद्धगुन्ह्यांसाठी हा माणूस संयुक्त राष्ट्रांना हवा आहे असं लिहिलेलं आहे. हे कागद २०११ मध्ये विकिलीक्सने बाहेर आणले, तेव्हापासून जगाला वाचायला मोकळे आहेत.

आता यातलं फझलने स्वतः काय केलं, कुठला हुकूम त्याचा होता, कुठे तो हजर होता आणि कुठे नव्हता, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. तुम्हीही नाही. कारण ते ठरवायची एकच रीत माणसाला माहीत आहे, कोर्ट, आणि तेच बसलं नाही.

याच शरणागतीत जॉन वॉकर लिंड नावाचा एक वीस वर्षांचा अमेरिकन पोरगा सापडला होता. तालिबानसाठी लढायला गेलेला, साधा शिपाई. कुंदुझला शरण आलेल्यांपैकी काही शे लोकांना मझारजवळच्या किला-ए-जंगीत कोंडलं, तिथे बंड झालं, सीआयएचा एक अधिकारी मारला गेला, आणि कित्येक दिवसांनी तळघरातून जे थोडे जिवंत निघाले त्यात हा होता. तो अमेरिकन नागरिक म्हणून त्याला व्हर्जिनियातल्या साध्या फेडरल कोर्टात उभं केलं, वकील दिला, जुलै २००२ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, वीस वर्षांची शिक्षा झाली, सतरा वर्षं भोगून २०१९ मध्ये तो सुटला. तुम्हाला शिक्षा कमी वाटेल, जास्त वाटेल, पण हिशेब लागला ना. आणि ज्या फौजेत तो बंदूक घेऊन फिरत होता त्या फौजेच्या मुख्य माणसाचा हिशेब मात्र लागला नाही, कारण तो परदेशी होता आणि त्याच्यासाठी एक वेगळाच खण तयार केला गेला होता.

हा खण कसा तयार झाला ते बघण्यासारखं आहे. युद्धात पकडलेल्या माणसाला ठेवायला जगाने दोन सरळ जागा करून ठेवल्यात. तो युद्धकैदी असेल तर १९४९ चा जीनिव्हा करार लागू, रेड क्रॉस येणार, घरी पत्र जाणार, लढाई संपली की सोडायचं. किंवा तो गुन्हेगार असेल तर आरोप ठेवा आणि खटला चालवा. आणि हो, युद्धकैदी झाला म्हणून युद्धगुन्हा माफ होत नाही, युद्धकैद्यावरही खटला चालवता येतो, हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. कोण कुठल्या जागेत बसतो याबद्दल शंका असेल तर त्याच कराराच्या पाचव्या कलमात लिहिलंय की सक्षम न्यायाधिकरणापुढे सुनावणी घ्या. अमेरिकन लष्कराने १९९१ च्या आखाती युद्धात अशा जवळजवळ बाराशे सुनावण्या रणभूमीवर घेतल्या होत्या, म्हणजे जमत नव्हतं अशातला भाग नाही. पण ७ फेब्रुवारी २००२ ला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी एका सहीत ठरवून टाकलं की तालिबानचे कैदी सगळेच्या सगळे बेकायदा लढवय्ये, यातला एकही युद्धकैदी नाही, एकेकाची सुनावणी नको. तर हा तिसरा खण. इथे युद्धाचे नियम लागत नाहीत कारण तो सैनिक नाही, आणि कोर्टाचे नियम लागत नाहीत कारण हे युद्ध आहे.

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पुढे याला थोडा लगाम घातला, २००४ च्या हमदी खटल्यात न्यायमूर्ती ओकॉनर यांनी लिहिलं की युद्धाची परिस्थिती म्हणजे राष्ट्राध्यक्षाला दिलेला कोरा चेक नव्हे, आणि २००८ मध्ये ग्वांतानामोच्या कैद्यांनाही हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कोठडीला कोर्टात आव्हान द्यायचा, हक्क आहे असा निकाल आला. चांगलंच झालं. पण या सगळ्यात कोर्टापुढे प्रश्न एकच, याला कोठडीत ठेवता येतं का. याने मझारमध्ये काय केलं हा प्रश्न त्या निकालांत कुठेच नाही.

माझे एक मामा आहेत, निवृत्त सुभेदार, त्यांच्याशी या विषयावर माझं दर गणपतीत वाजतं. त्यांचं म्हणणं असं की अगं, रणांगणावर पंचनामा कोण करत बसणार, गोळ्या चालू असताना सैनिकाने ठसे घ्यायचे का, आणि खबऱ्यांची नावं कोर्टात उघड झाली तर उद्या खबर कोण देईल. मुद्दा खरा आहे, मी तो उडवून लावणार नाही. चकमकीत पकडलेल्या एखाद्या शिपायाविरुद्ध पुरावा उभा करणं खरंच अवघड असतं. पण मामा, मझारचं तसं नव्हतं. तिथून निसटून पाकिस्तानात पोचलेल्या लोकांच्या जबान्या १९९८ मध्येच घेतल्या गेल्या होत्या. बायका होत्या, म्हातारे होते, ज्यांच्यासमोर मुलगा ओढून नेला ते बाप होते. साक्षीदार भरपूर होते. पुरावा नव्हता असं नाही, तो मागायला कुणी गेलं नाही, कारण ग्वांतानामोची सगळी यंत्रणा बातमी काढण्यासाठी उभी केलेली होती, अल कायदा कुठे आहे, पुढचा हल्ला कुठे होणार. अमेरिकेच्या दृष्टीने ते महत्त्वाचं होतं हे मला कळतं, त्यांची तीन हजार माणसं गेली होती. पण म्हणून हजारा समाजाची माणसं हिशेबातच नाहीत?

२०१० मध्ये ओबामांच्या काळात उरलेल्या २४० कैद्यांची फेरतपासणी झाली आणि त्यातल्या ४८ जणांबद्दल असा निष्कर्ष निघाला की यांना सोडणं धोक्याचं आणि यांच्यावर खटला चालवणं शक्य नाही. फझल या ४८ मध्ये. मला वाटतं लष्करी कोठडीची सगळी गोम या एका वाक्यात आहे. आठ वर्षं माणूस ताब्यात ठेवून, हवे तितके प्रश्न विचारून, सरकार म्हणतंय की आम्ही खटला चालवू शकत नाही.

मग असा माणूस कशाच्या कामाचा उरतो? अदलाबदलीच्या. जून २००९ मध्ये बो बर्गडाल हा अमेरिकन सार्जंट तालिबानच्या हाती लागला, पाच वर्षं त्यांच्याकडे होता, आणि त्याच्या बदल्यात २०१४ मध्ये पाच जण सोडले, फझल, नुरुल्ला नुरी, खैरुल्ला खैरख्वा, अब्दुल हक वासिक आणि मोहम्मद नबी ओमरी. तेव्हा अमेरिकेत केवढा गहजब झाला, खुनी सोडले म्हणून. पण त्यांना खुनी कुठल्या कोर्टाने ठरवलं होतं? शिक्षा झालेला कैदी सोडायचा तर सरकारला माफीच्या कागदावर सही करावी लागते, हा याने केलेला गुन्हा आणि तरी आम्ही याला सोडतोय असं लोकांसमोर म्हणावं लागतं, आणि ते म्हणताना जीभ अडखळते. इथे तसं काही करावंच लागलं नाही. दोन्ही बाजूंनी ठेवलेली माणसं अदलाबदल झाली, बस. बर्गडाल तालिबानसाठी जसा होता तसेच हे पाच अमेरिकेसाठी झाले होते, आणि आपल्या भाषेत त्याला ओलीस म्हणतात. पुढे हेच पाच जण दोहात अमेरिकेशी झालेल्या वाटाघाटींत टेबलावर बसले, २९ फेब्रुवारी २०२० ला करार झाला, आणि दीड वर्षात काबूल पडल्यावर खैरख्वा माहितीमंत्री, नुरी सीमामंत्री, वासिक गुप्तचर प्रमुख.

यावर लोक म्हणतात बघ, म्हणून सोडायलाच नको होतं, कायम ठेवायचे. किती कायम? २०१८ च्या सुमारास ग्वांतानामोत चाळीस कैदी उरले होते आणि वर्षाचा खर्च ५४ कोटी डॉलर असल्याचं अमेरिकन वृत्तपत्रांनीच हिशेब मांडून दाखवलं, म्हणजे एका माणसामागे वर्षाला सव्वाशे-दीडशे लाख डॉलरच्या मधला आकडा. इतका पैसा घालूनही तिथून निकाल काय बाहेर पडला? ९/११ चा मुख्य सूत्रधार म्हणवला जाणारा खालिद शेख मोहम्मद मार्च २००३ मध्ये रावळपिंडीत सापडला. त्याला सीआयएच्या गुप्त तुरुंगात १८३ वेळा तोंडावर पाणी ओतून गुदमरवलं. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या साध्या कोर्टात खटला चालवायचं जाहीर झालं, राजकारण झालं, २०११ मध्ये ते गुंडाळून पुन्हा लष्करी आयोगाकडे. २०२४ मध्ये गुन्हा कबुलीचा करार झाला आणि दोन दिवसांत संरक्षणमंत्र्यांनी तो रद्द केला. बावीस वर्षं होऊन गेली, खटला उभाच राहिला नाही, कारण छळ करून काढलेलं बोलणं कोर्टात चालेल का यावरच वर्षानुवर्षं वाद. त्या टॉवरमध्ये मेलेल्यांचे आईबाप वाट बघत बघत गेले.

आणि इथे मला मुंबई आठवल्याशिवाय राहत नाही. २६ नोव्हेंबर २००८, १६६ माणसं गेली, कसाबला गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळेंनी अंगावर गोळ्या झेलत पकडून ठेवलं म्हणून तो जिवंत हाती लागला. त्यानंतरची हवा मला आठवते, डोंबिवली लोकलमध्ये, ऑफिसात, सगळीकडे एकच, याच्यावर खटला कसला चालवताय, चौकात लटकवा. वकील मिळू नये म्हणून दबाव, जो वकील घेईल त्याच्या घरावर मोर्चा. मीही तेव्हा रागाच्या भरात तेच बोलत होते, खोटं कशाला सांगू. बिर्याणीची गोष्ट तर घराघरात पोचली होती, आणि नंतर २०१५ मध्ये सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी स्वतःच सांगितलं की कसाबने बिर्याणी मागितलीच नव्हती, ती त्यांनी रचलेली गोष्ट होती. पण कोर्ट चाललं. आर्थर रोडमध्ये बंदोबस्तात, साडेसहाशेच्या आसपास साक्षीदार, मे २०१० मध्ये निकाल, मग हायकोर्ट, मग २९ ऑगस्ट २०१२ ला सुप्रीम कोर्ट, प्रत्येक ठिकाणी त्याला सरकारी खर्चाने वकील. घटनेपासून फाशीपर्यंत चार वर्षंही पूर्ण झाली नाहीत.

सीएसटीवर पायाला गोळी लागलेली एक लहान मुलगी कुबड्या घेऊन त्या कोर्टात आली होती आणि तिने सगळ्यांसमोर त्याच्याकडे बोट दाखवलं. हा होता. मला आजही ते वाचलेलं आठवलं की भरून येतं. मझारच्या एकाही मुलीला ते करायला मिळालं नाही.

आणि त्याच खटल्यात अजून एक गोष्ट झाली जी आपण फार लवकर विसरलो. कसाबबरोबर दोन भारतीय आरोपी होते, फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद, नकाशे काढून दिले असा त्यांच्यावर आरोप. त्याच न्यायाधीशांनी, ज्यांनी कसाबला फाशी दिली, या दोघांना या प्रकरणातून निर्दोष सोडलं कारण पुरावा टिकला नाही, आणि वरच्या दोन्ही कोर्टांनी तेच कायम केलं. आता विचार करा, त्या नोव्हेंबरात आपण रागाच्या भरात जे मागत होतो ते सरकारने दिलं असतं, तिघांनाही कुठल्या तरी छावणीत टाकून किल्ली फेकून दिली असती, तर हे आपल्याला कळलंच नसतं. ग्वांतानामोत एकूण ७८० च्या आसपास माणसं नेली, त्यातली बहुतेक आरोपाविनाच परत पाठवली. त्यात फझलसारखे किती आणि बक्षिसाच्या लोभाने कुणीतरी पकडून दिलेले किती, हे वेगळं करायची सोय त्या तिसऱ्या खणात नव्हती.

पुण्याच्या माणसाला तरी हे नवीन वाटू नये. १८९७ मध्ये रँडचा खून झाला, टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, दीड वर्षाची शिक्षा झाली, तो खटला आजही वाचता येतो, त्यावर वाद घालता येतो. पण त्याच जुलैमध्ये सरदार नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली उचललं, मालमत्ता जप्त केली, आणि खटला न चालवता १८९९ पर्यंत अडकवून ठेवलं. त्यांचा गुन्हा काय हे सरकारने सिद्ध करायचा प्रश्नच आला नाही.

बरं, नुसता युद्धकैद्याचा दर्जा दिला की सगळं सुरळीत होतं असंही मी म्हणणार नाही, कारण आपलंच १९७१ चं उदाहरण समोर आहे. ढाका पडल्यावर सुमारे ९३ हजार लोक आपल्या ताब्यात आले, जनरल नियाझी जबलपूरला होता, जीनिव्हा करार पाळला गेला आणि याचा अभिमान वाटायला हवा. पण त्यातल्या १९५ जणांवर बांगलादेशाला युद्धगुन्ह्यांचे खटले चालवायचे होते, त्यासाठी त्यांनी १९७३ मध्ये कायदासुद्धा केला, आणि एप्रिल १९७४ च्या दिल्ली करारात ते १९५ सुद्धा घरी गेले. राजकारणाच्या दृष्टीने कारणं असतील, पाकिस्तानात अडकलेले बंगाली परत आणायचे होते. पण २०१० मध्ये ढाक्यात न्यायाधिकरण बसलं तेव्हा त्याच्यापुढे स्थानिक साथीदारच उरले होते, हुकूम देणारे वर्दीतले कधीच गेले. चाळीस वर्षं ठसठसणारी जखम मग नीट भरत नाही, तिचं सूडाच्या राजकारणात काय होतं ते शेजारी आपण बघतोच आहोत.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. लष्कराने पकडावं, जरूर पकडावं, तो माणूस मंत्री असो की सेनापती. सुरुवातीचे काही दिवस लष्कराच्याच ताब्यात राहील हेही मान्य. बेनगाझीतल्या अमेरिकन कचेरीवरच्या हल्ल्यातला आरोपी अबू खत्ताला २०१४ मध्ये अमेरिकन कमांडोंनी लिबियातून उचलला, जहाजावर जवळपास दोन आठवडे ठेवला, त्या जहाजावरच्या चौकशीबद्दल माझे आक्षेप आहेत, पण नंतर त्याला वॉशिंग्टनच्या कोर्टात उभं केलं. ज्युरीने खुनाच्या आरोपांतून त्याला सोडलं आणि बाकीच्या काही आरोपांखाली आधी बावीस वर्षांची आणि अपिलानंतर २०२४ मध्ये अठ्ठावीस वर्षांची शिक्षा झाली. ज्यांना तो पूर्ण दोषी हवा होता ते नाराज झाले. चालेल. पकडल्याच्या पहिल्या दिवसापासून, याच्यावर कुठल्या कोर्टात कुठला आरोप ठेवायचाय हे डोक्यात ठेवून काम झालं पाहिजे, जबाब तसे घेतले पाहिजेत, मारहाण तर नाहीच, कारण मारून काढलेलं एक वाक्य पुढचे दहा खरे पुरावे नासवतं.

फझलच्या बाबतीत आता दारं जवळपास बंद आहेत. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाला अफगाणिस्तानातले फक्त १ मे २००३ नंतरचे गुन्हे बघता येतात, मझार १९९८ चं आणि याकावलांग २००१ चं, दोन्ही बाहेर. जुलै २०२५ मध्ये तिथून तालिबानच्या सर्वोच्च नेत्यावर आणि सरन्यायाधीशावर वॉरंट निघालं ते बायका-मुलींच्या छळासाठी, तेही हवंच होतं. काबूलचं कोर्ट तर आता त्यांच्याच हातात. उरते ती एक बारीकशी वाट, ऑक्टोबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने अफगाणिस्तानातल्या गुन्ह्यांचे पुरावे गोळा करून जपून ठेवायला एक स्वतंत्र यंत्रणा उभी करायचं ठरवलं आहे, मागचे गुन्हे धरून. त्या यंत्रणेने पहिलं काम मझारच्या लोकांकडे जायचं करावं, इराणात, क्वेट्टामध्ये, युरोपात जिथे कुठे ते पांगलेत तिथे, कारण १९९८ मध्ये ज्या बाईने दारातून नवरा ओढून नेताना पाहिला ती तेव्हा तिशीची असेल तर आता साठीला आली असणार.